मूत्रपिंडाला सूज : कोणती तपासणी केव्हा?



दांडात ढेकूळ अडकले की पाणी मागे तुंबते. मूत्रपिंडाचेही तसेच आहे. मूत्रनळीत खडा अडकला की लघवी मागे साचते आणि मूत्रपिंड फुगते. उन्हात वावरात राबणाऱ्याचे पाणी घामावाटे जाते, लघवी घट्ट होते व खडा धरतो. अमरावती-अकोल्याच्या खारपाणपट्ट्यात ही तक्रार कोणाला नवी नाही. प्रश्न असतो तो तपासणीचा.

१) सोनोग्राफी : सुरुवात हिच्यापासून करावी. हिच्यात क्ष-किरण नाहीत, सुई नाही. सूज आहे की नाही, किती आहे, हे समजते. मात्र नळीच्या मधल्या भागातला खडा पुष्कळदा दिसत नाही. पाणी पिऊन, लघवी धरून जावे.

२) सी.टी. स्कॅन : खडा नेमका कोठे व केवढा, हे सर्वांत स्पष्ट यातच दिसते. खड्यासाठी औषध न टोचता केला तरी चालतो. क्ष-किरण लागतात म्हणून उठसूट करू नये. २०१४ साली अमेरिकेत २,७५९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी सोनोग्राफी केलेल्यांचे त्यात काही जास्त बिघडले नाही, उलट किरण कमी लागले. औषध टोचायचे असल्यास आधी रक्तातील क्रिएटिनिन पाहतात.

३) रिनल स्कॅन : सूज दिसली म्हणजे अडथळा असतोच असे नाही. कोणते मूत्रपिंड किती काम करते, लघवी खाली उतरते की नाही, हे यात कळते. मूत्रपिंड वाचवावे की काढावे, हे ठरवताना त्याचा उपयोग होतो.

गरोदर बाईची सोनोग्राफीच करावी. भागले नाही तर डॉक्टर एम.आर.आय. सांगतात. लहान मुलांचीही सुरुवात सोनोग्राफीनेच.

आता मुख्य गोष्ट. कळ थांबली म्हणजे खडा पडला, असे समजू नका. अडथळा तसाच राहून मूत्रपिंड मुकाट्याने निकामी होऊ शकते. म्हणून पुन्हा सोनोग्राफी करून खात्री करावी. कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, किंवा मूत्रपिंड एकच असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तेथे तुंबलेली लघवी आधी मोकळी करतात; खड्याचे नंतर पाहतात.

तोड आली आहे, गाडी लागली आहे, म्हणून दुखणे पुढे ढकलू नका. उसाला खोडवा येतो, मूत्रपिंडाला येत नाही.