लोद शहराच्या मातीखालचे चित्र



लोद म्हटले की विमानतळ, रेल्वेचे कारखाने आणि आपल्या समाजाची कुटुंबे एवढेच आपल्या मुलांना आठवते. म्हणून या पाठात त्याच गावाच्या रस्त्याखाली सापडलेल्या एका जुन्या फरसबंदीची माहिती देत आहोत.

सन 1996 मध्ये लोद येथे रस्ता रुंदीकरणाचे काम चालू असता जमिनीखाली रंगीत दगडी खडे दिसू लागले. पुराणवस्तु खात्याच्या मिरियम अविस्सार यांनी तेथे उत्खनन केले. तेव्हा सुमारे 17 मीटर लांब व 9 मीटर रुंद अशी सचित्र जमीन उघडी झाली. ती इसवी सन 300 च्या सुमारास, रोमन अमदानीत, एका श्रीमंताच्या वाड्यात घातलेली होती. त्या काळी लोदला दिओस्पोलिस असे ग्रीक नाव होते. गावात यहूदी, शोमरोनी, ख्रिस्ती व मूर्तिपूजक असे सर्व लोक राहत. रब्बी यहोशुआ बेन लेवी यांनी त्याच तिसऱ्या शतकात येथेच धर्मशिक्षण दिले होते.

मुंबईच्या घरांतून आपण जिला मोझाइकची लादी म्हणत असू, ती कारखान्यात साच्यात दाबून केलेली असते. ही तशी नव्हे. येथे प्रथम जमीन चोपून सपाट करीत, तिच्यावर चुन्याचा थर देत व त्यावर चित्राच्या रेषा कोरीत. मग थर ओला आहे तोवर दगडाचे लहान चौकोनी खडे एकेक करून हाताने बसवीत. चुना वाळण्याआधी काम उरकावे लागे, म्हणून एका वेळी थोडाच भाग हाती घेत.

चित्रात हत्ती, जिराफ, गेंडा व सिंह आहेत; पक्षी आहेत; आणि एका चौकटीत मासे व दोन व्यापारी गलबते आहेत. मात्र सबंध फरशीवर एकही मनुष्य नाही, की मालकाचे नाव सांगणारा लेख नाही. यावरून कित्येकांस वाटेल की घर यहूदी माणसाचेच असावे. पण एवढ्यावरून तसे सिद्ध होत नाही. अभिमान बाळगावा, परंतु पुराव्यापलीकडे जाऊ नये, हा इतिहासाच्या अभ्यासाचा पहिला नियम आहे.

फरशी टिकली कशी? घराच्या भिंती कच्च्या विटांच्या होत्या. त्या कोसळल्या आणि त्यांचीच माती फरशीवर पांघरुणासारखी पसरली. ज्या पडझडीने घर गेले, तिनेच चित्र राखले.

निधीअभावी 1996 साली ही जागा पुन्हा मातीने झाकावी लागली. 2009 साली ती परत उघडली, आणि जतनासाठी फरशी उचलताना खालच्या चुन्यात माणसांच्या पावलांचे ठसे मिळाले. काही अनवाणी, काही वहाणांचे. काही मोठे, तर काही लहान पायांचे. कारागिरांनी चुना पायांनी तुडवून बसविला होता. मालकाचे नाव नाहीसे झाले. मजुरांची पावले मात्र सतराशे वर्षे राहिली. ज्यांच्या वडिलांनी या देशात येऊन उन्हातान्हात रस्ते व घरे बांधली, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

पुढे ही फरशी न्यूयॉर्क, पॅरिस, बर्लिन इत्यादी शहरांतील संग्रहालयांत दाखविली गेली. शेवटी ती लोदलाच परतली, आणि 2022 साली सापडल्या जागी तिच्यासाठी बांधलेले संग्रहालय उघडण्यात आले. जगाने पाहिलेली वस्तू आपल्या शेजारची आहे. मुलांना घेऊन एकदा जरूर जावे.

घरी मुलांना विचारावयाचे प्रश्न :
1. खडे बसविताना एका वेळी थोडाच भाग का घेत?
2. मनुष्याचे चित्र नाही एवढ्यावरून मालकाचा धर्म का ठरविता येत नाही?
3. पावलांचे ठसे फरशीच्या वर नसून खाली का मिळाले?