शीत प्रदेशातील नवे घर आणि खिडक्यांची निवड

महाराष्ट्रात घर बांधताना खिडकीचा विचार होतो तो वाऱ्यासाठी आणि उजेडासाठी. कोकणात पावसाची झड आत येऊ नये, विदर्भात उन्हाची तिरीप टळावी, एवढी काळजी घेतली की गवंडी व सुतार पुढील कामास लागतात. लडाखमध्ये मात्र खिडकी हा घराच्या इंधनखर्चाचा प्रश्न असतो. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे हिवाळी रात्री पारा शून्याखाली १५ अंशांच्याही खाली उतरतो. सरपण दुर्मिळ, शेणाच्या गोवऱ्या उन्हाळ्यातच साठवून ठेवाव्या लागतात आणि रॉकेल वा गॅस शेकडो किलोमीटरचा घाटरस्ता ओलांडून येतो. अशा ठिकाणी खिडकीतून निसटणाऱ्या उष्णतेचा हिशेब सामान्य कुटुंबालाही मांडावा लागतो.

हा हिशेब फारसा अवघड नाही. खिडकीच्या एक चौरस मीटर क्षेत्रातून, आतबाहेरच्या तपमानात एका अंशाचा फरक असताना, किती वॅट उष्णता बाहेर जाते त्या आकड्यास यू-मूल्य म्हणतात. आकडा जितका लहान तितकी खिडकी चांगली. साध्या एकेरी काचेचे यू-मूल्य सुमारे ५.८ असते. दोन काचांमध्ये १२ मिलिमीटर हवेचा थर ठेवला तर ते २.८ च्या आसपास येते, कारण स्थिर हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. काचेवर धातूचा अतिसूक्ष्म, पारदर्शक लेप असेल आणि मधल्या पोकळीत आरगॉन वायू भरलेला असेल, तर ते १.४ च्या आसपास, कधी त्याहूनही खाली जाते.

समजा, एका घरात १० चौरस मीटर काच आहे, आत १५ अंश तपमान राखावयाचे आहे आणि बाहेर उणे १० अंश आहे. फरक २५ अंशांचा. एकेरी काचेतून १,४५० वॅट उष्णता सतत बाहेर जाईल. म्हणजे चोवीस तासांत सुमारे ३५ युनिट. दुहेरी काचेतून १७ युनिट आणि लेप दिलेल्या काचेतून ८ युनिटांच्या आसपास. एक लिटर रॉकेलमध्ये सुमारे १० युनिट उष्णता असते. केवळ दुसरी काच बसविल्याने रोजचे पावणेदोन लिटर रॉकेल वाचते, आणि बुखारीच्या धुराड्यातून वाया जाणारी उष्णता धरली तर त्याहून अधिक.

परंतु खिडकी उष्णता घालविते तशी ती मिळवूनही देते, आणि लडाखचे खरे भाग्य येथेच आहे. हवा कोरडी, आकाश निरभ्र. २१ डिसेंबरच्या सुमारास लेह येथे माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ३२ अंशांवर असतो. त्याची किरणे दक्षिणेकडील खिडकीतून खोलीत दूरवर पोहोचतात. जूनमध्ये तोच सूर्य ७९ अंशांवर चढतो आणि छपराची बेताची पुढे आलेली वळचण त्यास अडविते. म्हणून मोठ्या खिडक्या दक्षिणेस, पूर्वेस व पश्चिमेस मोजक्या आणि उत्तरेस जवळजवळ नाहीत, हा नियम पाळावा. दक्षिण बाजूस काचेची खोली बांधण्याची प्रथाही लडाखमध्ये आहे. तिला शेलखांग म्हणतात. दिवसा ती ऊबदार असते. रात्री मात्र, पाठीशी मातीची जाड भिंत आणि मध्ये बंद होणारे दार नसेल, तर तीच खोली घराची ऊब ओढून घेते. फे या गावी असलेल्या सेकमॉल या संस्थेच्या परिसरात हिवाळ्यापुरते दक्षिण भिंतीस पारदर्शक प्लॅस्टिकचे आवरण लावून उन्हाळ्यात ते काढून घेतात. कमी खर्चाचा हा उपाय शाळांच्या जुन्या इमारतींनाही लागू पडण्याजोगा आहे.

काच निवडताना एक चूक हमखास होते. मुंबई-पुण्याच्या बाजारात ऊर्जाबचतीची म्हणून जी काच विकली जाते ती बहुधा ऊन अडविणारी असते. आपल्याकडे ते योग्यच आहे. तीच काच लेहमधील दक्षिण खिडकीस बसविली तर फुकट मिळणारी उष्णता दाराबाहेरच राहते. शीत प्रदेशासाठी ऊन आत येऊ देणारा व खोलीची उष्णता परतविणारा लेप मागावा, आणि तो आतल्या काचेच्या पोकळीकडील पृष्ठभागावर असावा.

दुसरी अडचण मैदानी प्रदेशातील माणसास सुचत नाही. दुहेरी काचेचे हवाबंद संच कारखान्यात, समुद्रसपाटीच्या दाबाच्या हवेत तयार होतात. लेह येथील वायुदाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोनतृतीयांश आहे. मनालीमार्गे नेल्यास वाटेत ५,३०० मीटरहून उंच खिंड लागते आणि तेथील दाब जेमतेम निम्मा असतो. आतील हवा फुगते, काचा बाहेरच्या बाजूस वाकतात. कधी तडकतात, कधी कडेचे लुकण सुटते. लुकण सुटले की आरगॉन जातो, बाष्प शिरते आणि दोन काचांमध्ये पुसता न येणारे धुके साचते. म्हणून मागणीपत्रात वापराच्या स्थळाची व वाहतुकीतील कमाल उंची स्पष्ट लिहावी. काही कारखानदार दाब समतोल ठेवणारी बारीक नळी बसवून देतात. मात्र ती उघडी असताना आरगॉन टिकत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

ही सारी यातायात टाळणारा एक जुना मार्ग आहे. एकाच रुंद चौकटीत स्वतंत्र झडपांच्या दोन जोड्या बसवावयाच्या, एक आत, एक बाहेर. स्थानिक सुतार हे काम करू शकतो आणि फुटलेली काच गावातच बदलता येते. आतली झडप घट्ट बसावी व बाहेरची किंचित सैल असावी, म्हणजे खोलीतील दमट हवा मधल्या जागेत जाऊन बाहेरच्या काचेवर गोठणार नाही. दुर्गम गावासाठी हवाबंद संचापेक्षा हाच पर्याय अधिक शहाणपणाचा ठरतो.

चौकट लाकडाची उत्तम. ते पुरेसे वाळलेले हवे, नाहीतर लडाखच्या कोरड्या हवेत ते पिळवटून फटी पडतात. ॲल्युमिनियम लाकडाच्या हजार पटींहून अधिक उष्णतावाहक आहे. मधोमध उष्णतारोधक पट्टी नसलेल्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवर आतून पाणी ठिबकते व बर्फही जमते. चौकट आणि भिंत यांमधील फट तर कोणाच्याच हिशेबात नसते. ती नीट भरून घ्यावी, झडपांना रबराची वा नमद्याची पट्टी लावावी आणि रात्री जाड पडदा सोडावा.

घर असे बंदिस्त केल्यावर बुखारीकडे मात्र विशेष लक्ष हवे. तिचे धुराडे मोकळे आणि ताज्या हवेसाठी राखलेली वाट उघडी नसेल, तर कार्बन मोनॉक्साइड या वासहीन वायूने झोपेतच माणसे दगावतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या २०१८ च्या इको-निवास संहितेतही शीत विभागात उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र घराच्या क्षेत्राच्या किमान ८.३३ टक्के, म्हणजे बाराव्या हिश्शाइतके, असावे असे म्हटले आहे. छप्पर वगळता भिंती व खिडक्या मिळून सरासरी यू-मूल्याची १.८ ही कमाल मर्यादाही तीत आहे. एकेरी काचेची मोठी खिडकी ठेवून ती पाळणे कठीणच.

माल ताब्यात घेताना पाहणीची एक सोपी रीत आहे. दुहेरी काचेसमोर पेटती काडी धरली की ज्योतीची चार प्रतिबिंबे दिसतात. लेप असेल तर त्यांपैकी एकाचा रंग वेगळा असतो. आतल्या बाजूने पाहताना हे निराळे प्रतिबिंब आपल्याकडून दुसरे असावयास हवे. तिसरे दिसल्यास लेप बाहेरच्या काचेवर आला आहे, आणि संच चौकटीत पक्का होण्यापूर्वीच बाजू उलटून बसविता येतो.