वायफाय गेले की इंटरनेट गेले?

इंटरनेट बंद पडले की घरात एकच वाक्य ऐकू येते, "वायफाय गेले!" खरे तर वायफाय बहुधा चालूच असते, गेलेले असते ते बाहेरून येणारे कनेक्शन.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. तेव्हा टेलिफोनच्या तारेतून आवाज जाई. त्या आवाजाचे संगणकाच्या अंकांत रूपांतर करणारा दुभाषी म्हणजे मोडेम. इंटरनेट चालू असले की घरचा फोन अडकून पडे. २००५ साली भारत संचार निगमचे ब्रॉडबँड आले आणि त्याच तारेवर दोन्ही चालू लागले. वेगातला फरक पाहा. ५ मेगाबाइटची फाइल उतरवायला ५६ किलोबिटच्या मोडेमला सुमारे १२ मिनिटे लागत, २५६ किलोबिटला अडीच मिनिटे. ४० मेगाबिटला एक सेकंद! (८ बिट म्हणजे १ बाइट. गणित स्वतः करून पाहा.)

आता पेडणे-डिचोलीतही फायबर, म्हणजे काचेची तार आली आहे. तिच्यातून प्रकाश येतो. त्याचे विजेच्या संकेतांत रूपांतर करणारी पेटी म्हणजे ओएनटी. राउटरचे काम वेगळे: बाहेरून घराला मिळालेला एकच पत्ता तो घरातील सर्व फोन-संगणकांत वाटून देतो. पुष्कळदा दोन्ही एकाच पेटीत असतात, म्हणून गोंधळ होतो.

पेटीवर 'लॉस' हा दिवा तांबडा पेटला, तर प्रकाशच येत नाही असे समजावे. बहुधा तार तुटली किंवा फार वाकली आहे. अशा वेळी राउटर दहादा बंद-चालू करून उपयोग नाही, कंपनीला कळवावे. दिवे ठीक, पण आतल्या खोलीत रेंज नाही? आपल्या चिऱ्याच्या जाड भिंती लहरी अडवतात. राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ५ गिगाहर्ट्झपेक्षा भिंतीतून बऱ्या जातात.

पालकांसाठी एक गोष्ट. काचेतून वीज वाहत नाही, तरी गडगडाटात अडॅप्टरचा प्लग काढून ठेवावा, कारण धोका विजेच्या जोडणीतून येतो. आणि घरची वीज गेली की ओएनटी व राउटर दोन्ही बंद पडतात. २०२० च्या ऑनलाइन वर्गांत हे अनेकांनी अनुभवले. प्रवेश अर्जाच्या शेवटच्या दिवशी तेच होऊ नये म्हणून छोटा बॅटरी बॅकअप घेता येतो; मात्र त्याचे व्होल्ट अडॅप्टरवरील आकड्याशी जुळले पाहिजेत.

गृहपाठ : घरच्या पेटीवरील दिव्यांची नावे व रंग वहीत लिहून आणा.