चिंता : दोष की व्याधी?

भय आणि चिंता हे शब्द व्यवहारात एकाच अर्थाने योजिले जातात. परंतु त्यांतील भेद जाणणे अगत्याचे आहे. समोर उभ्या ठाकलेल्या संकटाचे ते भय. जे अद्याप आलेच नाही, त्याचे दुःख आधीच भोगणे ही चिंता.

दि. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाने किल्लारीप्रमाणेच आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर व उमरगा-लोहारा परिसरही उद्ध्वस्त केला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचा भार. निजलेली माणसे त्याखाली गाडली गेली. धरणी हादरत होती तोवर छताखाली न निजणे हा शहाणपणाच होता. परंतु अशा प्रसंगातून वाचलेल्याचे अंतःकरण धरणीबरोबर स्थिरावतेच असे नाही. रात्री भांडे पडले तरी छाती धडधडते, श्वास कोंडतो. देह झुंजावयास सज्ज होतो. झुंजावे असे समोर काहीच नसते.

शेतकऱ्याची चिंता एका रात्रीची नव्हे. पाऊस, हप्ता, मुलीचे लग्न. २०१५ च्या अवर्षणात शासनाने बळीराजा चेतना अभियानासाठी यवतमाळसह हाच जिल्हा निवडला होता. आणि ज्या भूम-परंडा भागाने टँकरची वाट पाहिली, तेथेच सप्टेंबर २०२५ मध्ये पुराने शेतातील माती वाहून नेली.

अशा वासनिकास “चिंता सोडा, स्मरण करा” असे सांगून वाटेस लावणे सयुक्तिक नव्हे. चिंता म्हणजे श्रद्धेची उणीव, असे समजून पुष्कळ जण ती लपवितात. लपविल्याने ती वाढते. जीव आणि प्रपंच हे भिन्न पदार्थ होत. पीक बुडाले म्हणजे जीव बुडाला असे नव्हे, हा त्या विवेकाचा प्रपंचातील उपयोग. मात्र सलग चार रात्री न निजलेल्यास हा विवेक सांगून काय होणार? आधी त्याचे ऐकून घ्यावे, त्यास जेवू घालावे. कर्जाचा आकडा कागदावर मांडावयास लावावा; मनात फिरणारा आकडा नेहमी मोठाच असतो. श्वास सावकाश सोडीत केलेल्या स्मरणाने छातीची धडधडही उतरते, हा लाभ लहान नव्हे.

झोप, भूक व कामावरील मन महिनोन्महिने उडाले असल्यास ती व्याधी समजावी आणि ज्वराप्रमाणेच वैद्याकडे न्यावी. जीव देण्याची भाषा कोणी केल्यास मात्र एक दिवसही थांबू नये, त्यास एकटे सोडू नये. २०२२ पासून १४४१६ ह्या दूरध्वनी क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही.