आठही दिवे लागले तरी

मुंबईतलं नाहूर स्टेशन 2006 साली सुरू झालं. आता आसपास टॉवर उभे आहेत, आणि असल्या इमारतींत लॅन वायर भिंतीतल्या पाइपातून खेळवलेली असते. दाराजवळच्या डब्यात सहा-सात टोकं लोंबतात. कुठलं टोक कुठल्या खोलीचं, हे लिहून ठेवायची तसदी कोणी घेतलेली नसते. नेट रखडलं की राउटरला शिव्या बसतात. त्याआधी वायर तपासावी. लॅमिंग्टन रोडवर काही शे रुपयांत मिळणारा, दोन भागांचा साधा टेस्टर त्याला पुरतो.

आधी वायर दोन्हीकडून मोकळी करा. कॅमेऱ्याच्या वायरीतून अनेकदा पीओईची, म्हणजे लॅन वायरीतूनच उपकरणाला पुरवलेली, वीज खेळते, सुमारे 48 व्होल्टची. चालू वायर लावली तर टेस्टर जळू शकतो. खोलीतल्या सॉकेटपासून जी पॅच कॉर्ड वापरणार, ती वेगळी तपासून घ्या, नाहीतर तिचा दोष भिंतीतल्या वायरीच्या माथी बसेल.

मोठा भाग डब्याकडे लावा, छोटा खोलीत. बटण सावकाश गतीवर ठेवा. एकाने डब्यापाशी उभं राहावं, दुसऱ्याने खोलीतून फोनवर आकडे सांगावेत. मोठ्या भागावरचे दिवे सहसा क्रमानेच लागत जातात, त्यामुळे वाचायचा तो छोटा भाग. ‘जी’चा दिवा शील्ड असलेल्या वायरीलाच लागतो, साध्या वायरीत तो विझलेला दिसला तर घाबरू नका.

छोट्या भागावर 1 ते 8 ओळीने आले, तर तारा जागच्या जागी पोचतात. एखादा आकडा दोन्हीकडे गायब असेल तर ती तार तुटली आहे किंवा कनेक्टरच्या पात्याने तिला धरलेलं नाही. 3-6-1-4-5-2-7-8 असं आलं, तर एका टोकाला तारांच्या रंगक्रमाची ए पद्धत आहे आणि दुसऱ्याला बी. मोठ्या भागावर सगळे लागतात पण छोट्यावर दोनच मुके राहतात, तेव्हा बहुधा त्या दोन तारा एकमेकींना टेकल्या आहेत.

4, 5, 7, 8 यांतला दिवा गेला तर नेट बंद पडेलच असं नाही. 100 एमबीपीएसला 1, 2, 3, 6 एवढ्या तारा पुरतात. गिगाबिटला आठही लागतात. प्लॅन 300 चा आणि स्पीड 95 च्या वर सरकत नाही, ही तक्रार ऐकली की मी आधी इथेच बघतो.

दुरुस्ती टोकापासून सुरू करा, कारण दोष बहुतेक वेळा तिथेच असतो. कनेक्टर कापून तारा बी पद्धतीने लावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ कनेक्टरच्या अगदी जवळपर्यंत राहू द्या. क्रिम्प करून पुन्हा तपासा. मग दुसरं टोक.

खरी फसगत मात्र सगळे दिवे नीट लागले असताना होते. नवखा कारागीर हिरवी जोडी शेजारी-शेजारी बसवतो, म्हणजे 3 आणि 4 वर, आणि दोन्ही टोकांना तसंच करतो. तारा सरळ पोचतात, टेस्टर खूश. पण 3 आणि 6 या क्रमांकांना एकाच पिळाच्या तारा हव्या असतात. त्या दोन वेगळ्या जोड्यांतल्या झाल्या की एकमेकींचा गोंधळ थोपवणारा पीळ निकामी होतो आणि लांब वायरीवर डेटा गळू लागतो. स्वस्त टेस्टरला हे कळत नाही. कनेक्टरच्या पारदर्शक प्लास्टिकमधून रंगांचा क्रम डोळ्यांनी तपासा.

तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या वायरीलाही आठ दिवे लागतात. ब्लेडने तार खरवडा. आत चंदेरी दिसली तर वायर बदला.

दोन्ही टोकं नवी केली तरी तोच दिवा लागत नसेल, तर तार भिंतीत तुटली आहे. कुठे, ते हा टेस्टर सांगणार नाही. पाइप मोकळा असेल तर जुन्या वायरीलाच नवी घट्ट बांधून ओढा, एकाने मागून सोडत, दुसऱ्याने सावकाश खेचत.