त्याला कोणी सांगितलं का?

चि. मनूस,

फोनवर तू "हो आत्या, बघते" म्हणतेस आणि विषय तिथेच संपतो, म्हणून हे पत्र. तुझ्या आईकडून दोन गोष्टी कानावर आल्या. कॉलेज रोडच्या क्लासची वेळ बदलल्यापासून शनिवारी त्या स्वमग्न मुलाकडे तुझं जाणं बंद झालंय, ही एक. विशेष मुलांशी जोड्या लावून देणाऱ्या तुमच्या गटातल्या कोणीतरी तुम्हा दोघांचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला आणि तो फार जणांना आवडला, ही दुसरी. आईला दुसरीचं कौतुक वाटलं, पहिलीत तिला काही वावगं दिसलं नाही. मला पहिलीच टोचते आहे. तुझं जाणं थांबलं हे एक वेळ मी समजू शकते. पण त्याला कोणी सांगितलं का?

"त्याला काय कळतंय" असं घरात कोणी म्हणालं असेल, तर ते साफ चूक आहे. मुलगा स्वमग्न आहे, बोलणं कमी आहे, म्हणून वाट बघणं कमी असतं असं नाही. बहुतेकदा उलटच असतं. अशा बऱ्याच मुलांचा दिवस चित्रांवर चालतो, हे तू पाहिलं असशील. पुठ्ठ्याचे चौकोन, मागे वेल्क्रो. एकावर ताट, एकावर नळ, एकावर झोपाळा. ते काम झालं की तो चौकोन ओढून काढायचा आणि खालच्या पाकिटात टाकायचा, मग पुढचा. जगात काय होणार हे आधी कळलं की जीव शांत राहतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. आता एखाद्या चौकोनावर माणसाचा फोटो असेल आणि माणूस आलाच नाही, तर तो चौकोन पाकिटात जायचा कसा? तुझ्या-माझ्यासारखा तो "अडकली असेल कुठेतरी" असं स्वतःला समजावू शकेलच असं नाही. आणि तू का आली नाहीस हे विचारायला त्याच्याकडे शब्द नसतील, तर ते उत्तर दुसऱ्या कोणीतरी त्याच्यापर्यंत पोचवायला हवं. तू सोडून ते कोणाचं काम आहे?

हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या दोन अमेरिकन संशोधकांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका जुन्या संस्थेने मुलांना एकेक मोठा सोबती जोडून दिला होता, त्या जोड्या किती टिकल्या आणि मुलांचं पुढे काय झालं, हे त्यांनी तपासलं. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांत मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांत मुलांची स्वतःच्या नजरेतली किंमत आधीपेक्षाही घसरली. ती मुलं विशेष मुलं नव्हती आणि सोबती तुझ्याएवढे नव्हते, हे मला मान्य आहे. तो अभ्यास जसाच्या तसा इथे चिकटवता येणार नाही. पण ज्या मुलाकडे सोडून गेलेल्या माणसाची जागा भरून काढायला दुसरे चार मित्र नाहीत, त्याचं नुकसान त्यांच्यापेक्षा कमी होईल असं मानायला मला तरी काही कारण दिसत नाही.

यावर तू म्हणशील, मग सुरूच का करायचं? शिकलेल्या बाई आहेत, थेरपिस्ट आहेत, त्यांच्यावर सोपवावं. हा आक्षेप हलका नाही. आपल्या नाशकात तर ही माणसं उभी करायला फार कष्ट पडलेत. रजनीताई लिमयांनी १९७७ मध्ये विशेष मुलांसाठी प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं, ते स्वतःच्या मुलाला कुठे घालायचं या प्रश्नातून. तोवर इथल्या आईबापांपुढे मुलाला घरी ठेवण्यावाचून फारसा मार्गच नव्हता. आज शाळा आहेत, प्रशिक्षित शिक्षक आहेत, २०१६ चा कायदा आहे. त्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरली आहेत आणि खेळात, करमणुकीत बरोबरीची संधी द्या असं शाळांना बजावलंय. तरीही अशा मुलाचा दिवस बघ: आई, बाई, मावशी, डॉक्टर, पुन्हा आई. सगळी मोठी माणसं, आणि सगळी काहीतरी शिकवायला आलेली. एरिक कार्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या हायस्कुलांत पाहिलं, की तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाजवळ सतत मोठा मदतनीस बसवण्याऐवजी वर्गातलीच मुलं सोबतीला दिली, तर त्याचं इतर मुलांशी बोलणं-मिसळणं वाढतं. साहजिक आहे. मोठं माणूस शेजारी असलं की बाकीची पोरं फिरकतात कशाला? तेव्हा तू जे करत होतीस ते बाईंच्या कामाची उजळणी नव्हती. ते त्यांना करताच येत नाही, कारण त्या सोळा वर्षांच्या नाहीत.

जोडी लावून दिलेली मैत्री खरी नसते, असंही तुझ्या मैत्रिणी म्हणतात म्हणे. अगं, आपल्या कुठल्या मैत्र्या आपण निवडल्या? बाकावर शेजारी बसवलं म्हणून, हजेरीत नाव पुढे-मागे आलं म्हणून, एका वाड्यात राहिलो म्हणून. मिशिगनमध्ये १९९४ पासून फ्रेंडशिप सर्कल नावाने किशोरवयीन मुलांच्या आणि विशेष मुलांच्या अशाच जोड्या लावतात. त्याआधी १९८९ मध्ये अँथनी श्रायव्हर या तरुणाने बेस्ट बडीज सुरू केलं, आणि त्याची गोष्ट तुला माहीत असावी. त्याची मावशी रोझमेरी केनेडी, राष्ट्राध्यक्ष केनेडींची सख्खी बहीण. तिची समज कमी होती. १९४१ मध्ये तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली, ती फसली, आणि एवढ्या मोठ्या घराने तिला लांबच्या एका संस्थेत ठेवून वर्षानुवर्षं तिचं नाव घेतलं नाही. तिच्या बहिणीने, युनिसने, १९६८ मध्ये स्पेशल ऑलिंपिक्स उभं केलं, आणि युनिसच्या मुलाने ही मैत्रीची चळवळ. खेळाची मैदानं आली तरी डबा खायला शेजारी कोण, हा प्रश्न शिल्लक होता, आणि तो पुढच्या पिढीला दिसला.

आता त्या व्हिडिओबद्दल. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच म्हटलं होतं, की दोन गटांतली माणसं नुसती एकत्र आणून दुरावा जात नाही. त्या वेळी दोघांचा दर्जा सारखा हवा आणि हातात काहीतरी समान काम हवं. तुमच्या व्हिडिओत तू भरवतेस आणि तो खातो, एवढंच दिसतं, असं आई सांगत होती. यात बरोबरी कुठे आहे? त्याला नि त्याच्या आईला विचारलं होतं का? रविवारी सकाळी मिसळ खायला तू मैत्रिणींना हाक मारतेस. त्याला कधी मारलीस? तिखट नसेल चालत, तर नुसता पाव नि दही खाईल. ते कोणी चित्रित करणार नाही, आणि म्हणूनच मला ते जास्त खरं वाटेल.

तुझ्या काकूंना वाटतं, तो हात ओढतो, कधी चिमटा काढतो, तेव्हा मुलीच्या जातीने लांब राहावं. काळजी रास्त आहे, निष्कर्ष नाही. मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात असावं, बंद खोलीत दोघांनीच बसू नये, चिमटा काढला तर आवाज फार झाला का, भूक लागली का हे बाईंना विचारावं, आणि "नको" हे त्यालाही स्पष्ट सांगावं. हे नियम त्याच्या भल्यासाठीही तेवढेच आहेत. अभ्यासाचं म्हणशील, तर मी तुझ्या बाजूने आहे. दर शनिवार नको. महिन्यातून एकदा जा. बारावीत तेही जमणार नाही असं वाटत असेल तर आत्ताच ठरव, बाईंना सांग, त्यांच्या मदतीने शेवटच्या भेटीचाही चौकोन लावा. थांबणं हा गुन्हा नाही. पण न सांगता थांबू नकोस, मनू.

फार बोलले का? आमच्या वयाच्या लोकांना हे बोलायचा अधिकार किती, हा प्रश्नच आहे. जुन्या नाशकात रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उड्या मारायला अख्खी गल्ली लोटायची, आणि माजघरात एखादं मूल आहे हे ठाऊक असून त्याला कोणी बोलवायचं नाही. वाईट म्हणून नव्हे; आमच्यापैकी कोणाला सुचलंच नाही. तुला पंधराव्या वर्षी सुचलं. तू आधी गेलीस, हसलीस, त्याला कोणता आवाज सहन होत नाही ते लक्षात ठेवलंस, हे मी विसरलेले नाही. राग आला तो त्यामुळेच. ज्यांच्याकडून अपेक्षाच नाही त्यांना कोण पत्रं लिहितं!

आईशी भांडू नकोस, तिलाही हे सगळं नवीन आहे. रात्री जागून अभ्यास करतेस असं कळलं. दूध पिऊन झोपत जा. आणि दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे ये. त्याच्या आईला चालणार असेल तर त्याला नि तिलाही घेऊन ये. किती वाजता येणार ते आधी कळव, म्हणजे कुकर सकाळीच लावून टाकीन आणि तुम्ही असेपर्यंत घरात शिट्टी वाजणार नाही. फटाक्यांचं शेजाऱ्यांशी मी बोलते.

तुझी
आत्या