घाटेअळीचा रोग आणि हडपसरची लस

हरभऱ्याला घाटे धरू लागले की घाटेअळी येते, हे शेतकऱ्याच्या घरातील विद्यार्थ्यास सांगावयास नको. ही अळी कधी कधी एका रोगाने मरते. मरण्यापूर्वी ती झाडाच्या शेंड्याकडे चढते, उलटी लोंबकळते, मग तिची कातडी फुटून आतला द्रव ठिबकू लागतो. अशा मेलेल्या अळ्या वेचून, पाण्यात कुस्करून, गाळून तेच पाणी पिकावर फवारता येते. बाजारात हे औषध ‘एच.ए.एन.पी.व्ही.’ या नावाने मिळते. ते सायंकाळी फवारावे व त्यात नीळ मिसळावी असे सांगतात, कारण उन्हातील अतिनील किरणांनी त्यातील विषाणू निकामी होतो.

या कुळातील विषाणूंची एक खोड आहे. अळीच्या पेशीत वाढून झाल्यावर शेवटच्या टप्प्यात ते पॉलिहेड्रिन नावाचे प्रथिन बेसुमार तयार करवितात. पेशीतील एकूण प्रथिनांच्या पाव हिश्शापासून निम्म्यापर्यंत ते भरते! त्याचे स्फटिक बनतात आणि लाडवात बेदाणे असावेत तसे विषाणू त्यांत बसून राहतात. अळी मेली तरी ते पानावर व मातीत टिकतात. दुसऱ्या अळीने ते पान खाल्ले की तिच्या पोटात स्फटिक विरघळून विषाणू मोकळा होतो.

एवढे प्रथिन निघते ते प्रमोटरमुळे. जनुकाच्या आधी डीएनएचा जो तुकडा असतो, तो जनुकाने केव्हा व किती जोराने काम करावे हे ठरवितो. (मराठीत ‘प्रवर्तक’ हा शब्द आहे, पण आपल्याकडे प्रवर्तक म्हटले की सहकारी साखर कारखानाच आठवतो.) गंमत अशी, की प्रमोटरला पुढचे जनुक कोणाचे याच्याशी कर्तव्य नसते. शिवाय प्रयोगशाळेतील भांड्यात ऊन नाही, पाऊस नाही. विषाणू एका पेशीतून दुसरीत उघडाच जातो. तेथे त्याला कवचाची गरज उरत नाही. मग कवचाचे जनुक काढून तेथे दुसरे बसविले तर? अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गेल स्मिथ, मॅक्स समर्स व सहकाऱ्यांनी हेच केले. त्यांनी माणसाच्या इंटरफेरॉनचे जनुक या प्रमोटरपुढे जोडले आणि कीटकाच्या पेशींनी इंटरफेरॉन तयार केले. साल १९८३.

हेच स्मिथ पुढे नोवावॅक्स कंपनीत गेले. त्या कंपनीने कोरोना विषाणूच्या काट्यासारख्या प्रथिनाचे जनुक अशा विषाणूत घातले. हे प्रथिन मोठे, तिघांच्या जुडग्यात राहणारे आणि साखरेच्या साखळ्या लागलेले. जिवाणूंकडून असे काम नीट होत नाही, कीटकपेशी ते करतात. आपल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने ही लस ‘कोवोवॅक्स’ नावाने बनविली. १७ डिसेंबर २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने व २८ डिसेंबरला भारत सरकारने तिला तातडीच्या वापरासाठी मान्यता दिली. तोवर आपल्यापैकी बहुतेकांनी दुसऱ्या लशी घेतल्या होत्या, म्हणून तिचे नाव फारसे कानी पडले नाही.

माझ्या आजीच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. हे सारे ऐकून तिने विचारले, “म्हणजे लशीत अळी असती व्हय?” प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. लशीत अळी नसते. ज्या पेशींत ती तयार होते त्या अळीच्या कोषातील अंडाशयातून घेतलेल्या. त्याविषयीचा शोधनिबंध १९७७ चा. तेव्हापासून त्याच पेशींची संतती वाढवीत आहेत, नवी अळी मारावी लागत नाही. प्रथिन शुद्ध करून घेतात. तरी त्या पेशींचे व विषाणूचे अतिसूक्ष्म अवशेष राहू शकतात, हेही तिला सांगितले. हा विषाणू माणसाच्या शरीरात वाढत नाही. जोडीला चिलीतील क्विलाया झाडाच्या सालीतले सॅपोनिन असते, ते प्रतिकारशक्तीला चेतवते. साल म्हटल्यावर आजीला जरा बरे वाटले.

त्या पेशी ज्या अळीच्या, ती म्हणजे अमेरिकन लष्करी अळी. २०१८ साली ती भारतात शिरली आणि त्याच वर्षी आपल्या मक्यावर येऊन बसली.